लिबरेटर : भंगारात काढलेले, भंगारातून काढलेले

दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानांचा विषय निघाला की बोलणे हमखास दोन नावांवर येऊन थांबते. अमेरिकेचे बी-१७ ‘फ्लाइंग फोर्ट्रेस’ आणि इंग्लंडचे ‘लँकॅस्टर’. दोन्ही विमाने दिसायला देखणी, दोघांवर चित्रपट निघाले, दोघांची चित्रे पोरांच्या खोल्यांत भिंतीवर लागली. बी-२४ ‘लिबरेटर’च्या वाट्याला हे कौतुक फारसे आले नाही. वास्तविक संख्येत ते या दोघांच्याही पुढे. १८,००० हून अधिक लिबरेटर तयार झाली. चार इंजिनांचे दुसरे कोणतेही बॉम्बर विमान इतक्या संख्येने जगात कधी बनले नाही. पण रूप बेताचेच! सपाट बाजूंचे उभट धड, मागे दोन लंबगोल शेपट्या आणि जमिनीला टेकायला आलेले पोट. बी-१७ चे वैमानिक चिडवायचे, की आमचे विमान ज्या खोक्यातून आले ते खोके म्हणजे तुमचे लिबरेटर.

हे पुस्तक त्या खोक्याविषयी आहे, आणि ते मराठीत लिहिण्याला तसेच कारण आहे. युद्ध संपल्यावर अमेरिकेत ही विमाने अॅरिझोनाच्या वाळवंटात रांगेने उभी करून अॅल्युमिनियमसाठी वितळवली गेली. भारतीय हवाई दलात मात्र ती १९६८ च्या डिसेंबरअखेरपर्यंत कामावर होती, आणि त्यांचे मुख्य बिऱ्हाड पुण्याजवळ लोहगावला होते. वारकऱ्यांना लोहगाव ठाऊक आहे ते तुकोबांचे आजोळ म्हणून. विमानांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावे ते लिबरेटरचा जगातला शेवटचा लष्करी मुक्काम म्हणून.

बॉम्बर विमानाचा इतिहास म्हणजे त्याने कुठे किती बॉम्ब टाकले याची जंत्री, असा आपल्याकडे समज आहे. लढायांच्या तारखा आणि सेनापतींची नावे यांत इतिहास संपतो असे मानण्याच्या सवयीतून तो आला असावा. मला ही जंत्री अर्धीच वाटते. उरलेला अर्धा इतिहास विमान उडते ठेवणाऱ्यांचा, म्हणजे पान्हा, ग्रीस आणि रिव्हेट यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध त्यांचा असतो. लिबरेटरच्या बाबतीत तर हा दुसरा अर्धाच जास्त रंगतदार आहे. पण तिथे पोचण्याआधी यंत्र समजून घ्यायला हवे.

१९३९ च्या सुरुवातीला अमेरिकी लष्कराने सॅन डिएगोच्या ‘कन्सॉलिडेटेड’ कंपनीला विचारले, की बोइंगचे बी-१७ तुमच्या कारखान्यात बनवाल का? कंपनीचे उत्तर असे, की दुसऱ्याचे विमान कशाला, याहून चांगले आम्ही स्वतःच देतो. आयझॅक लॅडन या मुख्य अभियंत्याच्या हाताखाली आराखडे झाले आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला पहिला नमुना उडालासुद्धा. आज एखादे लढाऊ विमान कागदावरून आकाशात यायला दोन-दोन दशके लागतात, हे ध्यानात घेतले तर या घाईचा अंदाज येईल.

या विमानाची खरी पुंजी म्हणजे त्याचा पंख. डेव्हिड डेव्हिस नावाच्या, खिशाने तंग पण डोक्याने तल्लख अशा एका संशोधकाने तो सुचवला होता. लांबच लांब आणि रुंदीला अगदी कमी. कॅलिफोर्नियातल्या ‘कॅलटेक’ संस्थेत वाऱ्याच्या बोगद्यात त्याची चाचणी झाली तेव्हा आकडे इतके चांगले आले, की तिथल्या मंडळींनी आधी आपली उपकरणेच तपासून पाहिली. उपकरणे ठीक होती. पंखावरून वाहणारी हवा अपेक्षेपेक्षा जास्त अंतर न विस्कटता जात होती, आणि ती का जाते हे खुद्द डेव्हिसलाही नीट सांगता येत नव्हते. उपयोग मात्र रोकडा होता : त्याच इंधनात जास्त लांबचा पल्ला. या पंखाची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी ३३.५ मीटर, त्यावर प्रॅट अँड व्हिटनीची १२०० अश्वशक्तीची चार इंजिने, आणि भरल्या विमानाचे वजन २५ टनांच्या वर.

पल्ल्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागे. सुकाणू जड, इतके की लांबच्या उड्डाणात वैमानिकाचे खांदे भरून येत. इंधनाचे नळ पोटातूनच गेलेले, त्यांतून वास सुटायचा. कित्येक वैमानिक बॉम्बच्या कप्प्याचे दार किंचित उघडे ठेवून उडत, कारण आत साचलेल्या वाफेला एक ठिणगी पुरेशी होती. हे दारही वेगळेच. इतर बॉम्बर विमानांची दारे खाली लोंबत, याचे दुकानाच्या शटरसारखे धडाच्या बाजूने वर गुंडाळले जाई. वाऱ्याला अडथळा कमी होई, पण विमान समुद्रात उतरवायची पाळी आली की हेच पातळ दार आधी फाटे आणि पाणी आत घुसे. कप्प्याच्या मधून पुढून मागे जायला एकच वाट होती, जेमतेम वीतभर रुंदीची पट्टी. दोन्ही बाजूंना टांगलेले बॉम्ब, अंगावर जाड कपडे, पाठीला पॅराशूट, आणि खाली ते पातळ दार. उणे तीस-चाळीस अंशांच्या थंडीत, प्राणवायूची नळी एका जागची काढून दुसरीकडे जोडत या पट्टीवरून माणसे ये-जा करत. दहा जणांच्या चमूत लठ्ठ माणसाला इथे काम नव्हते.

जमिनीवरही या विमानाच्या लहरी सांभाळाव्या लागत. त्याला पुढे एक चाक आणि मागे दोन, अशी तेव्हा मोठ्या बॉम्बरला नवलाची असलेली रचना होती. मागच्या बाजूला वजन जास्त झाले की ते खुशाल शेपटीवर बसे आणि नाक आभाळाकडे करी. इंजिन सुरू करण्याआधीचा विधी तर पाहण्यासारखा. चौदा सिलिंडर दोन रांगांत गोलाकार मांडलेले. विमान रात्रभर उभे राहिले की तेल पाझरून खालच्या सिलिंडरांत साचते. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. तसेच बटण दाबले तर दट्ट्या त्या तेलावर आपटून त्याचा दांडाच वाकायचा. म्हणून सकाळी दोन-तीन माणसे पंख्याच्या पात्याला खांदा लावून एकेक पाते हाताने फिरवत, चारही इंजिनांना, आणि कुठे हाताला घट्ट लागले तर तिथेच थांबून प्लग काढून तेल वाहू देत. मग खोकत, निळा धूर सोडत एकेक इंजिन जागे होई. जेटच्या जमान्यात वाढलेल्यांना हे सारे रानटी वाटेल, पण पिस्टन इंजिनांचे मोठे विमान सांभाळणे म्हणजे रोज सकाळी हेच.

या विमानाची दुसरी ओळख म्हणजे ते बनवणारा कारखाना. मिशिगन राज्यात विलो रन इथे मोटारवाल्या फोर्डने शेतजमिनीवर एक अवाढव्य शेड उभी केली. मोटार बनते तसे बॉम्बर बनवायचे, पट्ट्यावर सरकत सरकत. सुरुवातीला सगळे फसले. मोटार वर्षभर बदलत नाही आणि बॉम्बरमध्ये लष्कर दर आठवड्याला काहीतरी बदल सुचवते, हे फोर्डच्या लोकांना उमगायला वेळ लागला. तोवर वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टर उडवली. पण १९४४ मध्ये तिथून साधारण तासाला एक या गतीने लिबरेटर बाहेर पडू लागले. कामगारांत बायकांची संख्या मोठी होती. या शेडची एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. पट्टा शेवटाकडे काटकोनात वळवलेला होता आणि अर्धवट विमान मोठ्या फिरत्या चकतीवर ठेवून वळवावे लागे. सरळ गेले असते तर शेड शेजारच्या परगण्यात शिरली असती आणि तिथला कर जास्त होता, असे म्हणतात. हिशोबी माणूस जगात सगळीकडे सारखाच.

युद्धातल्या कामगिरीची प्रकरणे पुस्तकात आहेत, म्हणून इथे धावते उल्लेख करतो. रुमानियातल्या प्लोएश्टीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांवर १ ऑगस्ट १९४३ ला लिबियातून १७७ लिबरेटर निघाली. झाडांच्या शेंड्यांना पोट घासेल इतक्या खालून त्यांनी हल्ला केला आणि त्यांतली पन्नासहून अधिक परतली नाहीत. शौर्याची पदके ढिगाने वाटली गेली. तेलाचा पुरवठा काही आठवड्यांत पूर्ववत झाला. माझ्या मते या विमानाची खरी लढाई अटलांटिकवर झाली, जिथे फारसे बॉम्बही पडले नाहीत. महासागराच्या मध्यभागी एक पट्टा असा होता, की दोन्ही किनाऱ्यांवरून निघालेले विमान तिथे पोचून परतू शकत नसे. जर्मन पाणबुड्या तिथे मालवाहू जहाजांची वाट पाहत. अनावश्यक चिलखत आणि तोफा काढून, त्या जागी इंधनाच्या टाक्या बसवलेली मोजकी लिबरेटर तिथे फिरू लागली आणि पाणबुडीला दिवसा पृष्ठभागावर येणे अवघड झाले. १९४३ च्या मे महिन्यात जर्मन आरमारप्रमुख डोनिट्झने उत्तर अटलांटिकमधून आपल्या पाणबुड्या मागे घेतल्या. त्यामागे रडार होते, सांकेतिक संदेशांची उकल होती, नव्या युद्धनौका होत्या. पण डेव्हिसचा तो अरुंद पंखही होता.

आपल्याकडे लिबरेटर आले ते ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी. बंगालमध्ये सालबनी, दिग्री, धुबुलिया अशा गावांशेजारी लांब धावपट्ट्या झाल्या आणि तिथून इंग्रजांच्या स्क्वाड्रन ब्रह्मदेश, सयाम, मलाया इथपर्यंत जाऊ लागल्या. १५९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचा प्रमुख जेम्स ब्लॅकबर्न हा माणूस इंधनाच्या बाबतीत कोकणी माणसासारखा काटकसरी. कोणत्या उंचीवर, कोणत्या वेगाने, इंजिनाला किती हवा देऊन उडले म्हणजे किती इंधन वाचते, हे त्याने तपासून काढले आणि लांबच्या पल्ल्यावर पूर्वीच्या दुपटीहून जास्त बॉम्ब नेता येतात हे दाखवून दिले. १९४४ च्या ऑक्टोबरात त्याच्या विमानांनी बंगालमधून निघून मलायातल्या पिनांग बंदरात सुरुंग पेरले आणि ती परत आली. जाऊन-येऊन ४,८०० किलोमीटरहून अधिक अंतर. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवरचे क्वाय नदीचे पूलही १९४५ मध्ये लिबरेटरनीच पाडले. तो विजय साजरा करताना एक विसरता कामा नये : पुलाच्या शेजारीच तमारकनची युद्धकैद्यांची छावणी होती, आणि पुलावर धरलेल्या नेमातून सुटलेले बॉम्ब तिथेही पडले होते.

युद्ध संपले तेव्हा भारतात अशी विमाने मोठ्या संख्येने उरली. ती इंग्रजांना अमेरिकेकडून ‘लेंड-लीज’ कराराने, म्हणजे उसनी मिळाली होती. परत करा, पैसे मोजून ठेवून घ्या, नाहीतर निकामी करा, असा मामला. परत नेण्याचा खर्च परवडणारा नव्हता, विकत घ्यायला इंग्लंडकडे पैसा नव्हता. तेव्हा कानपूरच्या चकेरी तळावर ती गोळा केली गेली आणि तिथे मोडतोड सुरू झाली. अंगात ट्रक धडकवले, पत्र्याला भोके पाडली, उपकरणे हातोड्याने फोडली, इंजिनांत वाळू ओतली. मोडणाऱ्यांनी नेमून दिलेले काम केले. फक्त सगळीच विमाने सारखीच मोडली नाहीत. कुणाचे नाक गेले होते, कुणाचा पंख, कुणाची शेपटी. एकाचे जे गेले ते दुसऱ्याचे शाबूत होते.

स्वतंत्र भारताच्या हवाई दलाकडे तेव्हा एकही जड बॉम्बर नव्हते. काश्मीरच्या लढाईत डाकोटा या मालवाहू विमानाच्या दारातून माणसांनी बॉम्ब बाहेर ढकलले, ते हौस म्हणून नाही. परदेशातून बॉम्बर घ्यायचे तर परकीय चलन कुठून आणायचे? अशा वेळी कानपूरचा ढिगारा आठवला, आणि तो पाहायला बंगळूरहून हिंदुस्थान एअरक्राफ्टची माणसे गेली.

या कारखान्याविषयी इथे दोन वाक्ये जास्त लिहितो. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने तो १९४० च्या डिसेंबरात सुरू केला. जहाजे, साखर, बांधकाम यांत नाव कमावलेल्या या गृहस्थांना विमानेही भारतातच बनायला हवी होती. पुढे सरकारने कारखाना हातात घेतला आणि युद्धाच्या काळात अमेरिकन लष्कराने तिथे आपल्या विमानांच्या दुरुस्तीचे मोठे आगार थाटले. म्हणजे अमेरिकन विमान उघडून पुन्हा जोडण्याची सवय बंगळूरच्या कामगारांना त्या काळात झाली होती. कानपूरला त्यांनी जे केले त्याला नुसता ‘जुगाड’ म्हणून मोकळे होणारे लेख मी वाचले आहेत आणि ते मला मुळीच पटत नाहीत. जुगाड तात्पुरता असतो. ही विमाने पुढे वीस वर्षे उडाली.

पद्धत अशी होती : त्यातल्या त्यात धड विमान निवडायचे, शेजारच्या मोडक्यांतून लागेल ते काढून त्याला बसवायचे, आणि ते फक्त एका उड्डाणापुरते, कानपूर ते बंगळूर, तयार करायचे. खरी दुरुस्ती कारखान्यात. एका उड्डाणापुरती डागडुजी केलेले चार इंजिनांचे विमान जवळपास १,५०० किलोमीटर घेऊन जायचे काम कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी केले. एकदा नाही, चाळिसाच्या आसपास वेळा. कानपूरच्या धावपट्टीवरून उठताना कोणते इंजिन दगा देईल, याची खात्री कुणीच देऊ शकत नव्हते. प्लोएश्टीवर गेलेल्यांना पदके मिळाली, ती योग्यच होती. पण धाडसाचा विचार करताना माझ्या मनात मुन्शी त्यांच्या पंक्तीला बसतात.

१९४८ च्या नोव्हेंबरात कानपूरलाच पाचवी स्क्वाड्रन या विमानांवर उभी राहिली. १९५१ च्या जानेवारीत पुण्याला सहाव्या स्क्वाड्रनची भर पडली. पाचवीला १९५७ मध्ये कॅनबेरा ही जेट बॉम्बर मिळाली. त्यानंतर बॉम्बफेकीचे काम लिबरेटरकडून गेल्यातच जमा होते. १९६१ च्या डिसेंबरात गोवामुक्तीच्या वेळी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले ते कॅनबेरांनी. सहावी स्क्वाड्रन मात्र लिबरेटर घेऊन समुद्राकडे वळली. रडार बसवलेली ही विमाने अरबी समुद्रावर तासन्‌तास फिरत, जहाजे हुडकत, त्यांची नोंद घेत. तेव्हा आपल्या आरमाराकडे लांब पल्ल्याची टेहळणी विमाने नव्हती आणि हे काम हवाई दलच करी. कंटाळवाणे, बातमीत न येणारे काम. पण लांब पल्ला आणि संथ गती यांसाठीच घडलेल्या पंखाला याहून योग्य नोकरी कोणती असणार? पुढे त्यांच्या जोडीला आणि नंतर त्यांच्या जागी एअर इंडियाने प्रवासी सेवेतून काढलेली सुपर कॉन्स्टेलेशन विमाने आली. तीही पिस्टन इंजिनांचीच, तीही दुसऱ्या आयुष्याला लागलेली. आपल्या हवाई दलाला नवीन वस्तू घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून जुनी वस्तू सांभाळण्याची शिस्त आली, असे म्हटले तर ते फारसे चूक होणार नाही.

निवृत्तीच्या सुमारास जगातल्या संग्रहालयांना जाग आली. आपापल्या देशात या विमानांचे पत्रे वितळवून झाले होते आणि आता दाखवायला एक हवे होते. ती भारतात होती. कॅनडाने १९६८ मध्ये एक नेले आणि बदल्यात ‘लायसँडर’ हे जुने विमान दिले. त्यांचे लिबरेटर आज ओटावात आहे, आपले लायसँडर पालमच्या हवाई दल संग्रहालयात. १९६९ मध्ये अमेरिकन चमू पुण्याहून एक विमान उडवत थेट अॅरिझोनात घेऊन गेला. ते टूसॉनच्या पिमा संग्रहालयात आहे. १९७४ मध्ये आणखी एक इंग्लंडला उडत गेले आणि आता लंडनमधल्या हेंडनला उभे आहे. फ्लोरिडात एक, मॅसॅच्युसेट्सच्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे एक. हे शेवटचे तर १९८९ मध्ये पुन्हा आकाशात गेले आणि पुढे कित्येक वर्षे अमेरिकेतल्या गावोगावच्या म्हाताऱ्या सैनिकांना त्याने फिरवून आणले. पालमला आपल्यासाठी ठेवलेले एक आहेच. जगभर धड अवस्थेतली लिबरेटर बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि त्यांतली एवढी एकट्या कानपूरच्या ढिगाऱ्यातली.

माझी एक तक्रार नोंदवून ठेवतो. पिमातल्या विमानाच्या नाकावर ‘बंगे बकरू’ हे नाव रंगवले आहे. इंग्लंडातल्या बंगे तळावरच्या एका अमेरिकन तुकडीचे ते. या विमानाने त्या तळाचे तोंडही पाहिले नव्हते. कॉलिंग्जच्या विमानानेही वेळोवेळी वेगवेगळ्या अमेरिकन विमानांची नावे आणि रंग अंगावर घेतले. देणगीदार आणि माजी सैनिक यांच्या भावना समजू शकतात, आणि त्यांच्या पैशांवाचून ही दुरुस्ती झाली नसती हेही खरे. पण ज्या चक्राच्या खुणेखाली या विमानाने सर्वांत जास्त वर्षे काढली, ती भगवी-पांढरी-हिरवी खूण रंगाच्या थराखाली गेली. हेंडनच्या संग्रहालयाने निदान त्या विमानाचे स्वतःचे, ९९ व्या स्क्वाड्रनचे, युद्धकाळातले रूप तरी त्याला दिले.

पुस्तकाची मांडणी काळाच्या क्रमाने आहे. पहिली तीन प्रकरणे सॅन डिएगो, विलो रन आणि इंजिनाची. त्यांत आकृत्या आणि आकडे भरपूर आहेत. मधली तीन युद्धाची. शेवटची चार कानपूर, बंगळूर, लोहगाव आणि संग्रहालये यांची, आणि पृष्ठसंख्येने तीच सर्वांत मोठी आहेत. इतर देशांतल्या पुस्तकांत या भागाला सहसा एखादे पान मिळते, म्हणून इथे हात आखडता घेतला नाही. सिलिंडर आणि अश्वशक्ती यांत ज्याला गोडी नाही, त्याने पहिली तीन प्रकरणे खुशाल ओलांडावीत. फक्त पंखाचे पान वाचून घ्यावे, कारण पुढे लोहगावला त्याचे काम पडणार आहे.